हाय का न्हाय

आमचे घरमालक भिंत चाटून बघायचे.

भाईंदर पूर्वेला त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत असतानाच ते आत आले. चपला दाराबाहेर काढल्या, हॉलच्या खिडकीखाली भिंतीवर बोट घासलं आणि ते बोट जिभेला लावलं. आई गॅसची नळी हातात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

"खारट हाय," ते म्हणाले. "गेल्या वर्सापरीस जास्त. कपाट हिकडं नको लावू, वैनी. मागून कुजंल."

मग ते आतल्या खोलीत गेले, तिथेही तेच केलं, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. समोरचंच दार त्यांचं होतं. बाबा म्हणाले, "चक्रम आहे, पण खोटं बोलत नाही. कुठला मालक स्वतःच्या भिंतीची बदनामी करतो?"

मी त्यांना काका म्हणायचे. मूळचे ते जवळच्याच मुर्धा गावचे. वडील मिठागरात काम करायचे, आणि घरची थोडी शेती होती. शेती विकली गेली तेव्हा आलेले पैसे भावांनी गाड्यांत आणि लग्नांत घातले, काकांनी फ्लॅटमध्ये. खाडीकाठी तेव्हा एकामागून एक चार मजली इमारती उठत होत्या. काकांनी चार फ्लॅट घेतले. दोन आमच्या इमारतीत समोरासमोर, दोन केबिन रोडच्या मागच्या गल्लीत. पहिल्याच पावसाळ्यात भिंतींना लोणा लागला, पांढरा भुसा सुटायला लागला, आणि मिठागरात वाढलेल्या माणसाला ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. रेती खाडीची होती.

"मीठ झोपत न्हाय," ते म्हणायचे. "मीठ पानी पितं, आन् पानी घर पितं. तवा रेती चाटली असती तर आज शेठ असतो."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते आपल्या चारही फ्लॅटच्या भिंती चाखत फिरायचे. भाडं बाबा बँकेतून पाठवायचे, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. भिंतीबद्दल मात्र बोलायचे. मिठागरात प्रत्येक वाफ्याला नाव असतं म्हणे, तशी त्यांनी फ्लॅटना नावं ठेवली होती. केबिन रोडच्या दोघी 'थोरली वली' आणि 'धाकली वली', कारण तिथे ओल जास्त. आमचा फ्लॅट 'खारी'. इमारतीच्या गेटवर इंग्रजीत 'पॅलेस' असं काहीतरी लिहिलेलं होतं, पण काकांच्या तोंडून मी ते नाव कधीच ऐकलं नाही. कुणी विचारलं, की माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ही आपल्या खारीत ऱ्हाते."

दुसरी सवय बोलण्याची. कुणाचंही लांब उत्तर त्यांना चालत नसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी लिफ्टबद्दल सांगायला लागले, "काका, ऐसा है, कंपनी का मेंटेनन्स का मॅटर पेंडिंग है, फिर मोटर का..."

"लिफ्ट चालू हाय का न्हाय?"

"वही तो बता रहा हूँ..."

"न्हाय," काका म्हणाले, आणि मीटिंग सोडून जिन्याने घरी गेले.

काकींच्या छातीचा एक्स-रे घेऊन डॉक्टरकडे गेलो तेव्हाही तेच. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं घाबरण्यासारखं नाही, पण ओलीतली बुरशी, वय, जुना दमा... काका मध्येच म्हणाले, "ओल हाय म्हनून खोकला हाय. हाय का न्हाय?" डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आहे." काका समाधानाने उठले.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, तुम्ही असं का करता. ते म्हणाले, "आगरात सकालला जायचं आन् बघायचं. मीठ धरलं का न्हाय. धरलं तर ओढायचं, न्हाय धरलं तर घरी यायचं. थोरं थोरं धरलं, असं कुनी बोलला तर माझा बा त्याला हाकलायचा."

मला ही रीत सोयीची होती. मी शाळेत फारशी न बोलणारी मुलगी. इंग्रजी शाळेत तोंडात मराठी यायचं आणि घरी इंग्रजी जास्त यायचं, म्हणून दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली होती. काकांपुढे एक शब्द पुरायचा. ते कागद पुढे करायचे, वीजबिल, महापालिकेची नोटीस, विम्याचं पत्र, आणि विचारायचे. मी वाचून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचे. ते सगळ्यांना सांगत, "ही पोर इंग्लिश मीडियमची हाय. फालतू बोलत न्हाय."

काकींचा खोकला वाढला त्या वर्षी काकांनी वल्या विकायचं ठरवलं. काकींना ओलीतून बाहेर काढायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. आता रेती चाखून घर घ्यायचं, आणि नुसती रेती नाही, कागदही बघायचा. कारण वल्या विकायला काढल्या तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या चारही फ्लॅटच्या इमारतींना ओसीच नाही. म्हणजे इमारत पूर्ण झाली, राहायला योग्य आहे, असा दाखला कधी मिळालेलाच नव्हता. गिऱ्हाइकं यायची, फ्लॅट बघायची, आणि शेवटी एकच विचारायची, "लोन होगा क्या?" ओसी नसली की बँक कर्ज देत नाही. ज्यांच्याकडे कर्जाशिवाय पैसे होते ते तेवढ्याच जोरावर भाव पाडून मागायचे. दलाल म्हणायचा, "काका, आजकल कार्पेट एरिया नहीं बिकता, कागज बिकता है."

करोनाची पहिली लाट ओसरली होती. सरकारने स्टॅम्प ड्युटी काही महिन्यांपुरती कमी केली, आणि जो तो रजिस्ट्रेशनच्या रांगेत धावायला लागला. तयार, ओसी मिळालेली घरं काकांच्या आवाक्याबाहेर गेली होती. बांधकाम चालू असलेली स्वस्त होती. दलालाने काशीमीऱ्याजवळची एक साइट दाखवली. काकांनी तिथल्या ढिगातली रेती चाखली, नुकत्याच उभ्या केलेल्या खांबाला बोट लावलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"गोरी हाय," ते म्हणाले. गोडी. त्यांच्या बोलीत ड चा र व्हायचा.

बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. नाव तिथल्या तिथे ठरलं: गोडी. दोन्ही वल्या मिळेल त्या भावाला विकल्या, आणि करार वाचायला मला बिल्डरच्या ऑफिसात नेलं.

त्या ऑफिसबद्दल मला सगळं आठवतं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. एसी खूप गार होता. काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल, त्याच्या गॅलऱ्यांत इवल्याशा कुंड्या. सेल्स मॅनेजर माझ्याच शाळेत शिकल्यासारखं इंग्रजी बोलत होता. त्याने जाडजूड करार माझ्यापुढे सरकवला आणि काकांना म्हणाला, "अंकल, सीसी आ चुका है. मॅडम पढ़ लेंगी."

सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचा परवाना. दलालाने काकांना पढवलं होतं, आधी सीसी, मग ओसी. सीसी नसेल तर हात लावू नका. काकांनी तो शब्द मंत्रासारखा पाठ केला होता.

मी पान शोधलं. परवान्याचा नंबर होता, शिक्का होता. आणि त्याच ओळीत, कॉमाच्या पुढे, चार शब्द: 'अप टू सेव्हन्थ फ्लोअर.' सातव्या मजल्यापर्यंत. वरच्या मजल्यांची परवानगी पुढे मागून घेतली जाईल, असं खाली बारीक अक्षरात होतं.

"सीसी हाय का न्हाय?" काकांनी विचारलं.

"काका, आहे, पण..."

"पन नको. हाय का न्हाय?"

मी वर बघितलं. मॅनेजर माझ्याकडेच बघत होता, आणि हसत होता. मी कुठल्या ओळीवर थांबले आहे हे त्याला माहीत होतं. टेबलाभोवती चार पुरुष बसले होते, आणि सगळे माझ्या एका शब्दासाठी थांबले होते.

"आहे," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. हे वाक्य मी नंतर स्वतःला खूप वेळा ऐकवलं.

रजिस्ट्रेशनला अजून आठ-दहा दिवस होते. समोरचं दार ओलांडून सांगायचं एवढंच काम होतं. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी मी फोनवर मेसेज लिहिला, पूर्ण, नीट, आणि मग लक्षात आलं की काकांना तो वाचता येणार नाही, ते वाचून घ्यायला माझ्याकडेच येतील. बाबांना सांगावं असं वाटलं. पण बाबा म्हणाले असते, मग तिथेच का नाही बोललीस? मनाला समजावलं की बिल्डर असंच करतात, टप्प्याटप्प्याने परवानगी घेतात. हेही खरंच होतं. बहुतेक वेळा ती मिळतेही.

एका दुपारी काकींनी मला हाक मारून आत बोलावलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पाठीमागच्या भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यांच्या कडा पिवळ्या पडून सुटलेल्या. त्यांनी मला तळलेला बोंबील दिला आणि विचारलं, "पोरी, बाराव्या मजल्यावं वारा लय येत असंल नं?"

"येत असेल, काकी."

"कपरे सुकतीन," त्या म्हणाल्या. "हितं चार दिवस झाले तरी वलेच. कागद बरा हाय नं?"

मी बोंबील तोंडात घातला आणि मान डोलावली.

रजिस्ट्रेशन झालं. काकांनी इमारतभर पेढे वाटले. पेढ्याचा बॉक्स आमच्या दारात धरून म्हणाले, "वैनी, पोरीनं कागद बघितला. म्हनून यावेलेला फसलो न्हाय."

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

साइट वर येत गेली. काका आठवड्यातून दोनदा काशीमीऱ्याला जायचे, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे आणि परत येऊन काकींना मजला सांगायचे. "आज चौथ्याची स्लॅब." "पाचवा झाला." मला जिन्यात ऐकू यायचं. मी प्रत्येक वेळी पुढचा आकडा मनात म्हणायचे. सातव्याची स्लॅब भरली, त्या वर्षी गणपती उशिरा होते. दिवाळी आली. काका येऊन म्हणायचे, "सातवा चालू हाय." मग नुसतंच "चालू हाय." मग काही म्हणेनासे झाले.

मी काही विचारलं नाही, पण बाबांनी विचारलं तेव्हा दलालाने बरंच सांगितलं. वरच्या मजल्यांसाठी बिल्डरला आणखी एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाचा हक्क, विकत घ्यायचा होता, त्याचा भाव चढला. सिमेंट, लोखंड महाग झालं. व्याजदर वाढले, तशी नवी गिऱ्हाइकं थांबली, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या पैशावरच वरचे मजले चढणार होते. "रेरा में कंप्लेंट डालो," दलाल म्हणाला. घर घेणाऱ्यांसाठीच्या त्या सरकारी प्राधिकरणाकडे तक्रार मीच ऑनलाइन भरली. सगळे रकाने नीट भरले. पुढच्या वर्षी निकाल काकांच्या बाजूने लागला. बिल्डरने पैसे व्याजासकट परत करावेत, असा आदेश. बाबांनी तो मोठ्याने वाचला, काकांनी ऐकून विचारलं, "पैसं हायेत का न्हाय त्याच्याकरं?"

बाबांनी आदेशाची घडी करून तो परत दिला. तेच उत्तर होतं.

त्याच वर्षी पावसाच्या आधी महापालिकेची माणसं आमच्या इमारतीला नोटीस लावून गेली. धोकादायक. रिकामी करा. आठवड्याने पाणी तोडलं, मग वीज. काकांनी शेवटच्या दिवशी खारीची भिंत चाखली. बोट लावायच्या आधीच प्लास्टरचा पोपडा त्यांच्या हातात आला, आत गंजून फुगलेली सळई. त्यांनी तो पोपडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

भाडेकरूला जाता येतं. आम्ही टेम्पोच्या तीन फेऱ्यांत मोकळे झालो, मीरा रोडला दुसरं घर बघितलं. ज्याची भिंत त्याला मात्र जाता येत नाही. इमारत पाडून नवी बांधायची, तर जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नव्हती, आणि मूळ जमीनमालकाचे वारस आपसात भांडत होते. एकेकाळी चार फ्लॅटचे मालक असलेले काका राई गावाच्या रस्त्याला एका चाळवजा घरात अकरा महिन्यांच्या करारावर राहायला गेले. तो करारही त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतला. नव्या मालकाने आधी विचारलं होतं, दोघंच म्हातारे आहात, मागे कोण आहे?

"हाय," काका म्हणाले होते. कोण, ते सांगितलं नाही. त्यांना मूल नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी बोटाने भिंत घासली नाही. मी बघत होते. मीच विचारलं, "इथली भिंत कशी आहे, काका?"

"दुसऱ्याची हाय," ते म्हणाले. "चाटून काय करू?"

काकी त्याच घरात गेल्या, श्रावणात. ओल खालून चढायची. अंत्यविधीला मुर्ध्याचे भाऊ आले होते. कुणीतरी माझ्याकडे दाखवून हळूच म्हणालं, "हीच का ती, कागद वाचनारी?" चांगल्या अर्थाने म्हणाले असावेत. मी चपला न शोधताच बाहेर जाऊन उभी राहिले.

काकींचे दिवस झाल्यावर काकांचा फोन आला. साइटवर जायचंय, बिल्डरचं नवं पत्र आलंय, वाचायला ये. रविवारी सकाळी आम्ही गेलो. वॉचमन ओळखीचा होता. "काका, ऊपर संभालके," एवढंच म्हणाला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. आम्ही सात मजले जिन्याने चढलो. काका प्रत्येक मजल्यावर थांबत होते, दम लागल्यामुळे की मोजत होते, मला कळलं नाही.

सातव्याच्या स्लॅबवर सळया उभ्या होत्या, माणसाच्या उंचीच्या, गंजून लाल झालेल्या. खांब वर जायचे होते तिथे नुसतं आकाश. लांबवर मिठागरांच्या जागी पाणी चमकत होतं, आणि वारा खरंच खूप होता. काकींना सांगितलं होतं तसाच.

काकांनी वाकून खांबाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. "गोरीच हाय," ते म्हणाले. "रेतीत लबाडी न्हाय केली त्यानं."

मी हातातलं पत्र उघडलंच नाही. जिन्यात सात मजले जे तयार केलं होतं ते बोलले. "काका, त्या दिवशी करारात लिहिलं होतं. परवानगी सातव्या मजल्यापर्यंतच होती. मी वाचलं होतं. मला माहीत होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी मराठी बोलतेय की इंग्रजी, हे कळत नसल्यासारखे. मग ते स्लॅबच्या कडेपर्यंत गेले, आणि मला भीती वाटली, पण ते नुसते वर बघत होते, जिथे बारावा मजला असायला हवा होता तिथे.

"यो सातवा?"

"हो."

"हितपर्यंत लिवला व्हता?"

"हो, काका."

ते कडेवरून मागे आले. मग माझ्याकडे वळले, माझ्या हातातल्या पत्राकडे बोट केलं, आणि इतक्या वर्षांत मला किंवा कुणालाही जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"पुरं काय लिवलंय? सगलं सांग. सावकास सांग. मी आयकतंय."

मी पत्र उघडलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. बिल्डरच्या नावाखाली चार ओळी होत्या. ताब्याची मुदत वाढवून मागितल्याचं लिहिलं होतं, आणि किती वाढवली ती जागा कोरी होती.

"पुढे काही नाही, काका," मी म्हणाले.